एका वेळेपुरतं

टपाल नाक्यावर निकेशच्या मोबाइलच्या दुकानात ज्युडिथ आईच्या फोनला काच बसवून घ्यायला उभी होती, आणि शेजारच्या बाईंना निकेश सांगत होता की घरी खेळायला नका घेऊ, पार्टीला घ्या, एका वेळेला पुरतो. बाईंच्या हातात ‘गलका २’चा डबा होता, पिवळाधमक, वर तोंड वासून हसणारी चार माणसं. डब्यात तसं काही नसतं, एक कार्ड असतं, त्यावरचा नंबर टीव्हीत घातला की खेळ उतरतो, मग ज्यानं त्यानं आपापला फोन हातात घ्यायचा आणि चौघं जमले की सुरू. चौघांच्या आत सुरूच होत नाही. बाईंनी इतकंच विचारलं होतं की पोरं सुट्टीभर रमतील ना यात, आणि निकेश पडला सरळ दुकानदार, गिऱ्हाईक परत यावं म्हणून खरं बोलणारा. हळद असेल, बारसं असेल, सोसायटीत काही असेल तर याच्यासारखं दुसरं नाही म्हणाला, दुसऱ्या दिवशी मात्र कोणी हात लावत नाही, सगळेच सांगतात. सगळे सांगतात आणि तरी सगळे नेतात, असं म्हणून तो हसला आणि काचेखालचे बुडबुडे अंगठ्यानं कडेला सारू लागला. बाई आता डबा खाली ठेवतील असं ज्युडिथला वाटलं. तशी वाट बघण्यात काही अर्थ नव्हता, कारण तो खेळ तिनंच बनवलेला होता आणि डबा खाली ठेवला असता तर नुकसान तिचंच होतं, पण ती वाट बघत राहिली खरी. बाईंनी दोन डबे घेतले. नणंदेकडेही हळद होती म्हणे.

बाहेर येऊन ती नुसतीच उभी राहिली. एक रिक्षावाला नवीन पनवेल का विचारून गेला, दुसराही गेला. थकवा तिला नवा नव्हता. गेल्या वर्षा-दोन वर्षांत तो असा अंगवळणी पडला होता की सकाळी डोळे उघडले की आधी ती तो आहे ना हे चाचपायची, आणि आहे म्हटल्यावर उठून दात घासायला जायची. पण आज कुणीतरी त्या थकव्याला नाव घेऊन हाक मारल्यासारखं झालं होतं. पुरतो. काय शब्द आहे बघा. भाजी पुरते, गॅस पुरतो, पगार पुरत नाही. खेळ पुरतो असं तिनं आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं तेव्हा कळलं की आपल्या वस्तूबद्दल इतकं नेमकं आजवर कुणीच बोललेलं नाही. इंटरनेटवर लोकांनी शिव्या घातल्या होत्या, त्या तिला पाठ होत्या. सहा खेळांत गुंडाळलं, लोकांच्या तोंडाला पानं पुसली, नुसत्या पाट्या टाकल्या. त्या वाचून राग यायचा, आणि रागानं निदान माणूस जागा तरी होतो. निकेशवर रागवायचं कशासाठी? त्यानं बिचाऱ्यानं शिफारस केली होती.

रिक्षा पुलावर चढली तेव्हा विमान अगदी डोक्यावरून गेलं. आता कोणी वर बघत नाही, विमानतळ नवा होता तेव्हा रिक्षावाले थांबून बघायचे. तिला पहिला ‘गलका’ आठवला. सव्वीस खेळ होते त्यात. एकात डोळे मिटून समोरच्याच्या नुसत्या आवाजावरून तो थापा मारतोय का ते ओळखायचं. एकात एकानं फोनवर चित्र काढायचं, दुसऱ्यानं त्या चित्राचा आवाज काढायचा आणि तिसऱ्यानं तेवढ्यावर ती वस्तू सांगायची, आणि हमखास कुकरचा हत्ती व्हायचा. सव्वीस खेळ झाले म्हणजे संपलं असंही नाही, परत लावला की त्यातले प्रश्न बदलायचे, जोड्या फिरायच्या, गेल्या वेळचा चोर या वेळी पोलीस. तीन वर्षं तिनं त्यात घातली, तिनं आणि तिच्या भागीदारानं, हितेशनं. हितेशनं तर करंजाड्याच्या जमिनीचे आलेले पैसे घातले आणि घरच्यांची बोलणी खाल्ली, की लोकांनी भावकीत बंगले बांधले आणि या शहाण्यानं टीव्हीतले खेळ बांधले. आणि तो ‘गलका’ कुणी घेतला नाही. वाईट म्हणून नाही, वाईट म्हणायला तरी घ्यावा लागतो. ज्यांनी घेतला त्यांनी लांबलचक पत्रं लिहिली, डोक्यावर घेतला, पण अशी माणसं एका मिनीबसमध्ये मावली असती.

बसवरून तिला नेहमीसारखे पप्पा आठवले. येहुदा पेझारकर रसायनीच्या कारखान्यात नकाशे काढायचे, आणि थंडीत एका रविवारी पनवेलमधली सगळी बेने इस्राएली, म्हणजे इथली ज्यू मंडळी बस करून कर्नाळ्याला जायची तेव्हा मुलांचे खेळ घ्यायचं काम त्यांच्याकडे असायचं. रुमाल, चिंचोके, खिशातले चार खडे, एवढ्यावर ते दिवसभर पोरं हसवायचे. आणि एकदा घेतलेला खेळ पुन्हा घ्यायचे नाहीत. पोरं मागे लागायची, अंकल, मागच्या वर्षीचा घ्या ना. तो तुम्हाला येतो आता, म्हणायचे, येतो तो कसला खेळ. ऑक्टोबरपासून ते जेवताना टेबलावर चिंचोके मांडून बसायचे, आई चिडायची. मग एकेक घर इस्राएलला जायला लागलं. बसची टेम्पो ट्रॅव्हलर झाली, मग एका गाडीत सगळे मावायला लागले, आणि एका वर्षी कर्नाळ्याच्या त्या झाडाखाली मुलं म्हणून दोघीच होत्या, ज्युडिथ आणि तिची एक मावसबहीण, तीही पुढच्या महिन्यात जायची होती. पप्पांनी त्या वर्षी दोन तट पाडून खेळायचा मोठा खेळ तयार करून आणला होता. त्यांनी दोघींकडे बघितलं, आजूबाजूला बघितलं, आणि चिंचोके परत खिशात घातले. चला, जेवून घेऊ, म्हणाले. त्यांच्या तोंडावर तेव्हा काय होतं ते ज्युडिथनं पुढे कितीदा आठवायचा प्रयत्न केला, पण आठवायचा तो फक्त खिशात चिंचोके पडल्याचा आवाज.

दुसरा ‘गलका’ असा ठरवून झालाच नाही. पैसे संपत आले होते, सहा खेळ तयार होते, तेही वरवरचे, घाईत उरकलेले, पटकन कळणारे, ओरडायला लावणारे. हितेश म्हणाला आता हे बाजारात टाकू, बाकीचे नंतर घालू. लग्नाच्या दिवसांच्या तोंडावर टाकला. कुणीतरी हळदीत मोठ्या पडद्यावर लावला, त्याचा व्हिडिओ गावोगाव फिरला आणि मग उरण-पनवेलमधल्या प्रत्येक हळदीत डीजेच्या आधी ‘गलका’ लागायला लागला. डबे कमी पडले. बाकीचे खेळ ज्यात घालायचे होते ते ‘नंतर’ कधी आलंच नाही, कारण जे खपतंय त्यात हात कोण घालणार? ज्युडिथनंही घातला नाही, उगीच हितेशच्या माथी कशाला मारा. तिनं त्या वर्षी पहिल्यांदा करंजाड्यात स्वतःचा फ्लॅट घेतला आणि रात्री शांत झोपलीसुद्धा. मग आईनं मलिदा काढला, नवस फेडायची प्रार्थना आणि प्रसाद. तिनं एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस बोलला होता, पोरीच्या हाताला यश दे. प्रार्थनेला दहा पुरुष तरी हवेत, ते जमवताना आईनं अलिबाग, ठाणे, सगळीकडे फोन केले. ताटात पोहे, त्यात ओलं खोबरं नि साखर, वर पाच फळं, गुलाबाच्या पाकळ्या, आईचं काही कमी नसतं. ठाण्याचे एक म्हातारे काका पुढ्यातल्या ताटाकडे बघून म्हणाले, रूबीबाई, मलिदा कशाबद्दल? आणि आई डोक्यावरचा पदर नीट करून म्हणाली, माझ्या मुलीच्या खेळाबद्दल. मग आम्हालाही दाखव की तो खेळ, असं सगळ्यांनीच धरलं, आणि ज्युडिथ म्हणाली की टीव्ही बिघडलाय. आईनं तिच्याकडे बघितलं. 

ऑफिसात हितेश तिची वाट बघत बसला होता. समोर भिंतीवरच्या टीव्हीवर ‘गलका ३’. चार खेळ. सहावरून चारवर आले होते, आणि त्याचं कारण इतकं साधं होतं की सांगायलाही कंटाळा यावा. लोक हळदीत चार खेळांच्या पुढे जात नाहीत, तोवर जेवण येतं. हे हितेशनं मनानं काढलेलं नव्हतं, खेळच तसा हिशेब पाठवत असतो, कुठे सुरू झाला, कुठे बंद केला. मग पाचवा-सहावा करायचा कुणासाठी, असं त्याचं म्हणणं. त्याऐवजी रंग वाढवले होते, नवरा-नवरीचे फोटो घालायची सोय केली होती, ऑफिसातल्या दिपिकानं चित्रं फार सुरेख काढली होती, खोटं कशाला बोला. ज्युडिथ आणि हितेशचा सुरुवातीपासून एक रिवाज होता, लिहिलेला वगैरे नव्हे, पण दोघांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय काही बाहेर पाठवायचं नाही. पहिल्या ‘गलक्या’च्या वेळी बाजार बघून हितेशचं मन होत नव्हतं तरी तो तिच्यासाठी ‘हो’ म्हणाला होता, हे ती विसरलेली नव्हती आणि तो कधी बोलून दाखवत नव्हता. आता तिचं ‘हो’ राहिलं होतं. तेवढंच राहिलं होतं. तुळशीच्या लग्नाआधी डबे दुकानात गेले नाहीत तर वर्ष गेलं.

तिनं निकेशच्या दुकानातलं सांगितलं. हितेशला ते ऐकून वाईट वाटेल असं तिला का वाटलं कोण जाणे. तो खूश झाला. म्हणाला, मग बरोबर हाय ना, वडापाव पण एका वेळेलाच पुरतो, त्याला कोणी शिव्या घालतं का? ती म्हणाली, वडापाव घेताना माणसाला माहीत असतं तो किती आहे. डब्यावर आपण लिहितो का चारच खेळ आहेत म्हणून? लिहू, हितेश म्हणाला, मोठ्या अक्षरात लिहू, तरी खपेल. आणि हे खरं होतं, तरी खपलं असतं, तिथेच तर सगळं घोडं अडत होतं. खोटं कुठेच नव्हतं. कुणाला फसवलं असतं तर निदान कबूल करायला काही मिळालं असतं. तिनं हळूहळू, स्वतःलाच समजावत असल्यासारखं सांगायचा प्रयत्न केला की खपणं हे एक आहे आणि वस्तू भरीव असणं हे दुसरं, पहिलं झालं म्हणून दुसरं माफ होत नाही. हितेश ऐकत होता. तो चिडणारा माणूस नव्हे. खुर्ची ओढून तिच्या समोर बसला आणि त्याच्या पुतण्याच्या, हृतिकच्या हळदीबद्दल बोलायला लागला, विचुंब्याला झालेल्या. ज्युडिथही तिथे होती. हितेशचे वडील आणि प्रभाकरकाका, सख्खे भाऊ, जमिनीच्या तुकड्यावरून वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. खेळानं आपोआप जोड्या पाडल्या त्यात दोघं एका जोडीत आले. सगळा मांडव गप्प झाला होता. आणि मग दोन म्हातारे फोन हातात धरून, एकमेकांना दाब दाब म्हणून ओरडत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते.

“त्या दोघांना तुझे सव्वीस खेळ नको होते, ज्युडिथ. एक पुरला.”

“आणि आता बोलतात?”

हितेशनं मान हलवली. “नाय. पण त्या दिवशी बोलले. तेवढं तरी कोण देतंय?”

 यावर उत्तर असतं तर किती बरं झालं असतं. वाद जिंकण्याचा तिला सोस नव्हता, पण आपण ज्यासाठी कुढतोय ते खरंच काही आहे की नुसतीच सवय आहे, हे तरी कळलं असतं. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली शाळेच्या बसमधून मुलं उतरत होती. माणसं जमणं हाच खेळ असेल, तर मग आत काय आहे याला कोण विचारतो? पप्पांच्या खिशात खेळ होता आणि माणसं नव्हती. तिच्याकडे माणसं आली, रांगा लावून आली, आणि खिशात काही नाही, तरी कुणाच्या लक्षात येत नाही. यातलं दुःखाचं कोणतं म्हणायचं? तिला वाटलं, पप्पा असते तर त्यांना हा प्रश्न कळला असता, आणि लगेच वाटलं, छे, पप्पा म्हणाले असते, माणसं आलीयत ना ज्युडी, मग खडे मोजत काय बसलीस, खेळ घे. ती खिडकीपासून वळली आणि म्हणाली की पाठव, माझं ‘हो’ आहे. हितेशनं सुटकेचा श्वास टाकला तोच ती पुढे म्हणाली की फक्त माझं नाव काढ त्यातून.

खेळ संपला की शेवटी नावं येतात. ‘संकल्पना आणि रचना’ याच्याखाली तिचं, पूर्ण, शाळेच्या दाखल्यावर असतं तसं, ज्युडिथ येहुदा पेझारकर. हितेशला आधी वाटलं ती गंमत करतेय. कोण बघतंय नावं, म्हणाला, नावं येईपर्यंत लोकं पंगतीला बसलेली असतात. मग काढायला काय हरकत आहे, ती म्हणाली.  ती नाही म्हणाली असती तर तो भांडला असता, दोन दिवस अबोला धरला असता आणि मग चहा पाजून तिला वळवलं असतं, हे तिला माहीत होतं. हे त्याला अनपेक्षित होतं.

“म्हंजे खेळ माझा नि लाज तुझी. माझं नाव राहिलं तर चालतं तुला.”

ती उठून दिपिकाच्या टेबलाशी गेली. दिपिकानं मान खाली घालून ती ओळ काढली. एक ओळच होती, काढायला कितीसा वेळ लागणार. आभाराची ओळ शेवटची झाली आणि तिच्याखाली काही होतं असं वाटेनासं झालं.

शुक्रवारी दुपारी ती नेहमीसारखी आईकडे आली. आई जुन्या पनवेलमध्ये सिनेगॉगच्या मागच्या गल्लीतच राहायची, करंजाड्याला यायला तयार नव्हती, तिकडे मासेवाली येत नाही म्हणायची. शब्बाथ, आठवड्याचा विसाव्याचा दिवस, लागला की उद्या चांदण्या दिसेपर्यंत दिवा नाही, गॅस नाही, टीव्ही नाही. लहानपणी याचा जाच व्हायचा. आता मात्र आईनं वाती लावून डोळ्यांवर हात धरले, मनुकांच्या सरबताचा पेला फिरला, की ज्युडिथच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरायचं. या वेळी तिला हलकं वाटायला हवं होतं. तिनं कुणाचं नुकसान केलं नव्हतं, दिपिकाची नोकरी, हितेशचं वर्ष, सगळं शाबूत होतं, आणि तिचं स्वतःचं अंग तिनं अलगद काढून घेतलं होतं. शनिवारी दुपारभर ती गॅलरीत पडून राहिली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या वाळत टाकल्या होत्या. आपण काही मोठं केलं, असं मनाला पटवायचा तिनं प्रयत्न करून बघितला. मन नुसतं ऐकून घेत होतं. नाव काढणं म्हणजे काय, तर जेवण खारट झालं म्हणून स्वैपाकघराच्या मागच्या दारानं निघून जाणं. ताट तर वाढलेलंच होतं. आईनं विचारलं, बरं नाही का तुला, कपाळावर हात लावला, ताप नाही म्हणाली, आणि काळा चहा देता येत नाही म्हणून हळहळली.

संध्याकाळी चांदण्या दिसल्यावर आईनं दिवे लावले आणि पहिल्यांदा काय विचारलं, तर नवा खेळ आणलास ना? प्रत्येक नवा खेळ बाजारात जायच्या आधी आईच्या टीव्हीवर लावायचा, ही पहिल्यापासूनची पद्धत. आई आपल्यासाठी तो खेळते, आपल्याला बरं वाटावं म्हणून, असं ज्युडिथ धरून चालली होती. एरवी ती खेळ चालू करून द्यायची आणि लॅपटॉप घेऊन आत जायची, मग आई बाहेरून ओरडून सांगायची, छान आहे गं. आज आत जाण्याइतकंही तिच्या अंगात त्राण नव्हतं, ती सोफ्यावर बसून राहिली. आईनं कपाटातून चार फोन काढले. एक तिचा, दोन ज्युडिथचे जुने आणि एक पप्पांचा, कडा उडालेला. चारही चार्ज केलेले होते. टेबलावर तिनं ते ओळीनं मांडले, चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली. ज्युडिथनं विचारलं, हे काय? चौघं लागतात ना, आई म्हणाली, त्याशिवाय सुरू होत नाही तुझा खेळ. मग ती खेळायला लागली, एकटी, चौघांच्या वतीनं, अंगठा या फोनवरून त्या फोनवर नेत, लाल, निळा, पिवळा, हिरवा. मध्येच ती म्हणाली की हिरवा मागं पडतो बिचारा, त्याला मी जरा आधी दाबू देते. हिरवा म्हणजे पप्पांचा फोन होता. ज्युडिथ त्या हातांकडे बघत होती. हात सराईत होते. ही बाई वर्षातून एकदा मुलीच्या समाधानासाठी खेळणारी नव्हती.

तू रोज खेळतेस, ज्युडिथ म्हणाली. शुक्रवार सोडून, आई म्हणाली, जेवण झालं की लावते. तोच तोच? तोच तोच. कंटाळा येत नाही? आईनं यावर नुसती मान हलवली, तिचं लक्ष पडद्यावर होतं. चौथा खेळ संपला, लाल जिंकला, दिपिकानं काढलेल्या पताका उडाल्या आणि नावं यायला लागली. आईनं फोन खाली ठेवले आणि हात मांडीवर घेऊन सरळ बसली. निर्मिती, हितेश. चित्रं, दिपिका. संगीत. आभार. पडदा काळा झाला, आणि पुन्हा पहिल्या चित्रावर आला. आई तशीच बसून होती.

“झालं, आई.”

“नाही गं, अजून तुम्ही यायचेत.”

“कोण आम्ही?”

“तू आणि पप्पा. शेवटी येता ना दोघं, एका ओळीत.” मग मुलीला समजलं नाही असं वाटून तिनं नीट सांगितलं. पहिला खेळ होता ना ज्युडी, तो छान होता, पण फार मोठा होता, त्यात मी दोनदाच पोचले तिथवर, माझे डोळे मिटायचे आधीच. दुसरा मात्र तू बरा केलास, आटोपशीर. झोपायच्या आत होतो. टीव्हीवर एवढ्या मोठ्या अक्षरात यांचं नाव येतं, मग मी बंद करते आणि झोपते.

ज्युडिथनं बोलायला तोंड उघडलं. काय सांगायचं होतं? की तुझ्या मुलीला या खेळाची लाज वाटली, म्हणून तिनं तो तसाच लोकांना दिला आणि आपलं नाव काढून घेतलं, आणि त्या नावात आणखी एक नाव होतं याचा तिला त्या वेळी विचारही आला नाही?  आई अजून पडद्याकडे बघत होती. मग तिनं चष्मा काढून पुन्हा पुसला.

“माझंच काहीतरी चुकलं असेल. एखादा डाव नीट झाला नसेल, म्हणून दाखवत नसेल,” आई म्हणाली आणि तिनं फोन पुन्हा ओळीनं लावले. “ये, तू हा धर. दोघी मिळून खेळू, म्हणजे चुकायचं नाही.”

तिनं पप्पांचा फोन पुढे केला. ज्युडिथ उठली, आईशेजारी खुर्ची घेऊन बसली आणि तो हातात घेतला. पडद्यावर खेळ सुरू झाला. आई एकेक डाव अगदी जपून, ओठ आवळून खेळत होती. ज्युडिथ हिरव्याला जितका उशीर करता येईल तितका करत होती, मुद्दाम चुकत होती, चुकला म्हणून तो डाव पुन्हा घ्यायला लावत होती. असं करत खेळ लांबवता येईल तेवढा तिनं लांबवला. पण खेळ चारच होते.